लाल मोटारीचा झोपलेला काटा

सरकारांची लाल मोटार रावपुऱ्यात भर बाजारात उकळली आणि तिला बैल जोडून घरी आणावं लागलं, तेव्हा मी अंगणात ज्वारी पाखडत होते. आधी बैल दिसले, मग दोरखंड, मग मोटार, आणि मोटारीच्या मागं मान खाली घालून आमचे हे. मला हसू आलं. खोटं कशाला बोलू? असलं सोंग मी जन्मात बघितलं नव्हतं. मग ह्यांचं तोंड दिसलं आणि मी पदर तोंडावर धरला.

आधी सांगते, सरकार म्हणजे महाराज नव्हेत. महाराज राजवाड्यात. आमचे सरकार म्हणजे त्यांच्या दरबारातले एक सरदार. त्यांच्या बंगल्याच्या मागं मोटारखाना होता आणि मोटारखान्याला लागून एक खोली. त्या खोलीत आम्ही राहायचो, कारण आमचे हे सरकारांचे डायवर. मोटारी दोन. एक मोठी काळी, पडदे लावलेली, बायकामाणसांसाठी. दुसरी ही लाल. दोनच माणसं मावायची तिच्यात. नाक लांबच लांब, पाठीवर जादा चाक बांधलेलं, आणि छप्पर म्हणून नुसतं एक कापड, तेही सरकार कधी लावू द्यायचे नाहीत. शर्यतीची जात आहे, असं हे म्हणायचे. लाल मोटार सरकार स्वतः चालवायचे आणि हे शेजारी बसायचे, काही झालं तर उतरून बघायला. त्या दिवशी सरकार टांगा करून निघून आले आणि ह्यांना बैल शोधावे लागले.

संध्याकाळी सरकार मोटारखान्यात आले. मी दाराआड उभी होते.

"काटा काय म्हणत होता?" सरकारांनी विचारलं.

"काही म्हणत नव्हता, सरकार. झोपलेला होता. वाफ उडाली तेव्हा एकदम उठून बसला."

"काटा झोपतो. आणि त्याच्याबरोबर डायवरपण झोपतो."

ह्यांनी फडकं उचललं आणि मोटारीचं नाक पुसायला लागले.

"लोक हसत होते. तो गांठियावाला काय ओरडला ऐकलंस ना? 'बापू, केटलीमां पत्ती नाखो!' चहाची पत्ती टाका म्हणे! माझ्या मोटारीला केटली म्हणाला तो."

"ऐकलं, सरकार."

"दसऱ्याला सकाळी मी ह्याच मोटारीतून छाणी गावच्या शिवेपर्यंत सीमोल्लंघनाला जाणार. शेजारी जावईबापू बसतील, तुला जागा नाही. तेव्हा मोटार आधीच नीट पाहिजे. वाटेत उकळली तर मी मुंबईहून डायवर मागवतो. त्याला राहायला ही खोली लागेल. समजलं?"

"समजलं, सरकार."

मलापण समजलं. आणि मग मला हसू आलं नाही.

ह्यांच्या नोकरीचं मला तेवढं वाटलं नव्हतं. नोकरी दुसरी मिळते. आमची माणसं पिढ्यान्‌पिढ्या चाकरीचीच, एका दारातून निघायचं, दुसऱ्या दारात उभं राहायचं. पण ती खोली! लग्न होऊन मी आले ती वाडी भागात, एका पोळीच्या, म्हणजे अरुंद गल्लीच्या, टोकाला, तळमजल्याच्या एका खोलीत. पावसाळ्यात तिथं भिंतीतून पाणी पाझरायचं. अंथरूण ओलं, सरपण ओलं, पीठसुद्धा ओलं. माझा पहिला मुलगा तिथंच झाला आणि तिथंच खोकून खोकून गेला. दोन पावसाळे काढले त्यानं. त्याच्याबद्दल आणखी काही सांगत नाही. सरकारांकडं आलो आणि ही खोली मिळाली. पक्क्या विटांची, खाली फरशी, वर कौलं, आणि कोरडी ठणठणीत. पावसात मी मध्येच उठून भिंतीवर हात फिरवून बघायची. आता मला पुन्हा दिवस गेलेले, दसऱ्याच्या सुमाराला मी चांगली जड झाले होते. ह्या वेळचं लेकरू ह्याच खोलीत जन्मायचं, एवढंच मी देवाकडं मागत होते. देवानं त्यात मोटारीचा काटा आणून घातला.

तो काटा म्हणजे काय ते सांगते. मी महाराजांच्या शाळेत दुसरीपर्यंत शिकलेली. मुलीला शाळेत नाही पाठवलं तर बापाला दंड व्हायचा, म्हणून बापानं पाठवलं, आणि दंडाची भीती संपल्यावर घरी बसवलं. पण अडाणी राहिले तरी डोळे होते. मोटारीत चालवणाऱ्याच्या समोर फळीवर घड्याळासारखी गोल काच होती, तिच्यात एकच काटा. मागून सुतळीएवढी बारीक तांब्याची नळी निघायची, ती मोटारीच्या नाकापर्यंत जायची. नाकात पाण्याची टाकी. टाकीच्या अगदी वरच्या भागात, झाकणाच्या खाली, त्या नळीच्या टोकाची कांडी बसवलेली, माझ्या करंगळीएवढी. पाणी तापलं की कांडी तापते, कांडीतलं औषध फुगतं आणि काटा चढतो. काटा चढला की थांबायचं, मोटारीला गार होऊ द्यायचं. पण हा काटा श्रावणापासून झोपला होता. खालीच पडून राहायचा. बघणाऱ्याला वाटायचं मोटार थंडगार आहे, आणि तोवर इकडं झाकणातून वाफ.

सगळ्यांनी आपापले उपाय केले. सरकारांचा उपाय म्हणजे काचेवर टिचकी. बसले की टिचकी, उतरले की टिचकी. ह्यांनी ती तांब्याची नळी इथून तिथून बोटांनी चाचपली, कुठं दबली आहे का, मुडपली आहे का. काही नाही. मग म्हणाले, पावसाची ओल काचेत शिरली असेल. मोटार दिवसभर उन्हात उभी केली, पापड वाळवल्यासारखी. तरी काही नाही.

आणि मामंजींचा उपाय वेगळाच. मामंजी म्हणजे माझे सासरे. उभा जन्म सरकारी पागेत घोडेस्वारीत गेलेला. म्हातारपणी थोरल्या मुलाकडं राहायचे, पण थोरल्या जावेनं ताकात पाणी जास्त घातलं म्हणून पगडी घालून उठले ते श्रावणात आमच्याकडं आले. येताना एक तलवार आणि एक खरारा घेऊन आले. खरारा म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश. घोडा नव्हता, पण खरारा होता. मोटार उकळून आली की मामंजी तिच्या दिव्यामागं तळहात ठेवून उभे राहायचे.

"ताप कानामागं कळतो," म्हणायचे. "काचेत बघून कळत नाही."

"बाबा, तो दिवा आहे," हे म्हणायचे.

"दिवा तुझ्यासाठी. जनावराला कान असतातच."

आल्यापासून मोटारीचं पाणी त्यांनी आपल्याकडं घेतलं होतं. "जनावराला पाणी मी दाखवणार. पोरासोरांचं काम नाही ते." ह्यांना हातभार लागला म्हणून बरंच वाटलं. पहाटे मी विहिरीवरून हंडा आणि कळशी भरून आणून ओटल्यावर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, ठेवायची. मामंजी स्वतः झाकण उघडायचे, स्वतः ओतायचे, स्वतः बंद करायचे. आणि सरकार येईपर्यंत मोटारीच्या नाकापाशी उभे, मोतद्दार घोड्याचा लगाम धरून उभा राहतो तसे. संध्याकाळी खालची तोटी फिरवून सगळं पाणी सोडून द्यायचे. शिळं पाणी जनावराला देऊ नये म्हणून. हे म्हणाले, सोडू देत, त्यानं काही बिघडत नाही. आणि बापानं लावलेलं झाकण मुलानं पुन्हा उघडून बघायचं, हे आमच्यात बसत नाही. ते म्हणजे बापाच्या तोंडावर, तुम्हाला जमत नाही, असं म्हणणं. ह्यांनी कधी उघडलं नाही.

आता एक अडचण सांगायची राहिली. आमच्यात सून सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नाही. डोक्यावर पदर, आवाज खाली. पण एका खोलीत राहायचं तर बोलावं लागतंच. कुणी लेकराला सांगून बोलतं, कुणी भिंतीला. माझ्याकडं शेळी होती. मी शेळीला म्हणायची, "अगं, चहा झालाय, निवून जाईल." मामंजीपण शेळीलाच म्हणायचे, "आण म्हणावं. आणि साखर बेतानं म्हणावं." शेळी रवंथ करत ऐकायची. सरकारांच्या माळ्याची बायको गुजराती, तिला ह्याची फार मजा वाटायची. "बेन, तारी बकरी तो वकील छे," म्हणायची.

दसरा आठवड्यावर आला. एका संध्याकाळी, मामंजींनी पाणी सोडून दिल्यावर, हे मला म्हणाले, "काटाच मेला असेल तर सरकारांना तसं सांगता येईल. मुंबईहून नवा येईल. तोवर मोटार बाहेर काढायची नाही. पण मेला आहे हे दाखवायला पाहिजे."

"कसं दाखवणार?"

"कांडी काढतो आणि उकळत्या पाण्यात धरतो. उकळत्या पाण्यातही नाही हलला तर मेला."

"पाणी मी तापवते. पण चूल मोटारीजवळ आणायची नाही," मी म्हटलं. पेट्रोलच्या वासानंच मला भीती वाटायची.

मी आत आधण ठेवलं. ह्यांनी मोटारीच्या नाकाजवळचा नट सोडवून कांडी बाहेर काढली, नळीसकट. पाणी खळाखळा उकळलं तशी मी पातेलं पदरानं धरून बाहेर आणलं. पोट पुढं, हातात पातेलं, चालते कशी तर बदकासारखी. हे बघून म्हणाले, "थांब, मी घेतो." मी म्हटलं, "तुम्ही आत बसा. काट्याकडं कोण बघणार?"

हे मोटारीत जाऊन बसले, सरकारांच्या जागी. मी कांडी पाण्यात बुडवली.

"चढतोय का?"

"नाही."

"आता?"

"नाही... थांब... अगं, चढतोय! चढतोय! अर्ध्यावर आला! शेवटच्या आकड्यावर गेला!"

मी कांडी वर काढली.

"उतरला," आतून आवाज आला. मी बुडवली. "चढला." काढली. "उतरला." असा आमचा खेळच सुरू झाला. माळ्याची बायको कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि हसायला लागली. मग मला हुशारी सुचली, मी आतून ह्यांचा चहा आणला आणि कांडी पुसून चहात बुडवली.

"हा कुठं थांबला?"

"मध्यावर. काय आहे ते?"

"तुमचा चहा. निवलाय, पिऊन टाका."

हे हसत खाली उतरले आणि दोन घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला. ह्यांच्या ध्यानात आलं तेच माझ्याही ध्यानात आलं. काटा मेला नव्हता. अगदी जिवंत होता. म्हणजे दोष काट्याचा नाही, आणि काट्याचा नाही तर डायवरचा.

"मेला असता तर बरं झालं असतं," हे म्हणाले. त्यांनी कांडी पुन्हा जागेवर बसवली, नट आवळला आणि हात पुसत बसून राहिले. मी पातेल्यातल्या त्याच पाण्यात तांदूळ टाकले. एवढं उकळलेलं पाणी वाया का घालवायचं?

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांची पूजा. मामंजी पहाटेपासून तलवार घेऊन बसले. पुसून, तेल लावून, पुन्हा पुसून, मग गंध, मग फुलं. त्यांना उठायला सवड नव्हती. शेळीला म्हणाले, "आज पाणी तिनंच घालावं म्हणावं. आणि थेंबसुद्धा सांडू नये म्हणावं."

मी हंडा घेऊन गेले, झाकण काढलं आणि ओतायला लागले. हंडा रिकामा झाला तरी टाकी भरली नाही. मला नवल वाटलं. मामंजी रोज ओतायचे तेव्हा हंड्यात पाणी उरायचं, ते जास्वंदीला घालायचे. मी समजत होते, एवढंच लागतं. मग कळशी ओतली. कळशी अर्धी झाली तेव्हा कुठं पाणी गळ्याशी आलं, आणि अंधारात अंदाज चुकून माझ्या पायावर सांडलं. भरलं की नाही ते बघायला मी बोट आत घातलं. बोटाला कांडी लागली. पाण्यात बुडालेली.

मी तशीच उभी राहिले, बोट आत. रोज मामंजी जेवढं ओततात तेवढ्यात ही कांडी बुडणारच नाही. कोरडी, वर, हवेत. आणि आपण पातेल्यातून वर काढली की काटा उतरत होता! काटा झोपला नव्हता. त्याला सांगणारी कांडीच पाण्याबाहेर लटकत होती. आणि पाणी कमी म्हणून मोटार उकळत होती. दोन्ही एकाच गोष्टीमुळं.

मी ह्यांना खूण करून बोलावलं आणि हळूच सांगितलं. त्यांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग टाकीत बोट घातलं, मग धावत जाऊन मोटार सुरू केली. फुरफुरली, धूर सोडायला लागली, आणि बऱ्याच वेळानं काटा हलला. हळूहळू चढला, मध्यावर आला आणि थांबला. हे उडी मारून खाली आले. मला वाटलं आता मला उचलतातच की काय. पण तेवढ्यात त्यांचा चेहरा उतरला.

"बाबा कमी का घालतात?"

"मला काय माहीत? मी त्यांच्याशी बोलते का?"

ह्यांनी कपाळावर हात मारला. "भरल्या पोटी घोडा दामटू नये. लहानपणापासून ऐकतोय मी. घोड्याला पोटभर पाणी पाजून दौडवलं तर घोडा मरतो. ते मोटारीला पण अर्धपोटी ठेवतात."

"मग सांगा त्यांना."

"मी?"

"मग कोण?"

"सरकारांना सांगेन. पोलिसांना सांगेन. बाबांना नाही सांगणार. थोरल्याकडून ताकावरून उठले, आमच्याकडून पाण्यावरून उठतील. ह्या वयात कुठं जातील?"

"मग तुम्ही उद्या पहाटे गुपचूप वाढवा पाणी."

"कसं वाढवू? सरकार येईपर्यंत ते नाकापाशी हलत नाहीत. आणि आज संध्याकाळी हे सगळं सोडून देणारच, शिळं म्हणून."

तसंच झालं. संध्याकाळी मामंजींनी तोटी फिरवली, पाणी गेलं. मग ओटल्यावर येऊन तलवारीशेजारी बसले. हे आत जाऊन भिंतीकडं तोंड करून आडवे झाले. डोळे मिटलेले, पण झोप कसली? मी विचार केला, उद्या उकळली तर खोली जाणार, आणि ती जाणार एका म्हाताऱ्या माणसाला कुणी बोललं नाही म्हणून. मी भांडं घेतलं, मामंजींकडं पाठ केली आणि शेळीचं दूध काढायला बसले.

"शेळे," मी म्हटलं, "तुला एक विचारू का गं? घोडा दौडून आला की त्याचं काय करतात?"

शेळी पाला खात होती.

"आधी फिरवून थंड करतात," मामंजी शेळीला म्हणाले. "मग अंग धुतात. मग खरारा. मग थोडं पाणी. मग चंदीचा दाणा. शेळीला काय कळणार त्यातलं?"

"अंग धुतात ते कुठून कुठपर्यंत, शेळे?"

"डोक्यापासून खुरापर्यंत. हे काय विचारणं झालं?"

"आणि ही मोटार पाणी पिते का गं?"

"पिते नाही तर काय? हंड्याच्या वर पिईल, दिलं तर. मी देत नाही."

"पिते, तर मग मुतते कुठं?"

बोलून गेले आणि जीभ चावली. मग मामंजी खाकरले.

"मी सोडतो ना संध्याकाळी, खालून."

"ते तर जेवढं सकाळी आत गेलं तेवढंच बाहेर येतं, शेळे. रंगसुद्धा बदलत नाही. पिणाऱ्याचं असं होतं का? तुझं होतं का?"

शेळीनं कान हलवले.

"मोटार पिते ते पेट्रोल. ती तिची चंदी. पाणी तिच्या पोटात जातच नाही, शेळे. ते तिच्या अंगाला आहे. आतून. अंगभर नळ्या आहेत, त्यातून फिरतं, धुतल्यासारखं. पण डोकं कोरडं राहतंय बिचारीचं. आणि ती काट्याची कांडी डोक्यातच आहे. डोक्याला पाणी लागलं नाही तर काटा बोलणार कसा?"

मामंजींनी तलवार उचलून मांडीवर घेतली. दुधाची धार भांड्यात वाजत होती तेवढाच आवाज.

"म्हणजे शेळे," ते शेवटी म्हणाले, "मी अर्ध्या अंगाला खरारा केला म्हणायचा."

"असं कोण म्हणालं गं, शेळे? आपण तर काही बोललो नाही."

"आणि पोराला हे ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे."

"मग बोलला का नाही?"

"त्यांची छाती होत नाही, शेळे."

"हं! सरकारांपुढं उभा राहतो आणि बापापुढं छाती होत नाही." म्हाताऱ्यानं मिशीवरून हात फिरवला. मी पाठ करून बसले होते, पण आवाजावरून कळलं, खूष झाले होते. "बरंय. उद्या दोन हंडे आणावेत म्हणावं. कळशी वेगळी."

दसऱ्याला पहाटे मामंजींनी हंड्यांतून लागेल तेवढं पाणी स्वतः ओतलं. बोट घालून बघितलं. बोटभर कमी आहे असं वाटून पुन्हा थोडं ओतलं. मग मोटारीच्या नाकावर झेंडूची माळ घातली आणि कुंकवाचं बोट लावलं. हे लांब उभे, बघितलं न बघितलं केलं. सरकार आले, जावईबापू आले. जावईबापू ग्वाल्हेरचे, गुडघे वर घेऊन कसेबसे बसले. सरकारांनी काचेवर टिचकी मारली आणि मोटार फाटकातून गेली.

मग वाट बघणं. हे झाडलेलं अंगण पुन्हा झाडत होते. डायवरनं केर काढायचा म्हणजे माळ्याच्या बायकोला हसायलाच झालं, पण त्या दिवशी तीही हसली नाही. मामंजी फाटकाशी ताठ उभे, पहाऱ्यावर असल्यासारखे. मी शेवयांची खीर ढवळत होते आणि रस्त्याकडं कान. एक टांगा गेला. एक गाडा गेला, बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तशी मी पळी टाकून दाराशी गेले. बैल बघितले की मला आता तेच आठवायचं. पण ते दुसऱ्या कुणाचे.

ऊन ओटल्यावरून खाली सरकलं तेव्हा लांबून आवाज आला. हे केरसुणी टाकून पळाले. मोटार आली, आपल्या पायानं आली. झेंडूची माळ एका बाजूला घसरलेली, मागं आपट्याची फांदी खोचलेली. वाफेचा धागासुद्धा नाही. जावईबापूंच्या मांडीवर फाफडा-जिलेबीचा पुडा, हात तेलकट.

"काटा मध्यावर उभा होता!" सरकार उतरता उतरता म्हणाले. "जाताना, येताना, हलला नाही. मी म्हणत होतो ना, त्याला टिचकी लागते? शिवेवर एक जोरात मारली."

"होय, सरकार," हे म्हणाले.

मामंजींना खोकला आला. फार वेळ आला.

सरकार जायला निघाले तेव्हा हे पुढं झाले. त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण विचारलंच. "सरकार, मग ती खोली..."

"कसली खोली?"

"मुंबईच्या डायवरला देणार म्हणाला होतात..."

सरकारांनी जरा आठवून बघितलं. "असं म्हणालो होतो का मी?" आणि आपट्याचं एक पान ह्यांच्या हातात दिलं, एक मामंजींना, आणि हसत बंगल्याकडं गेले.

मामंजी चिडले. "विसरला! आम्ही इथं जीव टांगून बसलो आणि हा विसरला!" हे हसत सुटले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला राग आला नाही आणि हसूही आलं नाही. मोठ्या लोकांचं बोलणं त्यांच्या तोंडून सुटतं आणि आपल्या डोक्यावर बसतं, त्यात नवीन काय? मी आत गेले. आदल्या दिवशी कुणाला न सांगता मी भांडी गोणपाटात बांधून ठेवली होती, निघायची वेळ आली तर धावपळ नको म्हणून. ती गाठ सोडली. परात, तवा, पितळी डबा, एकेक काढून पुसून फळीवर लावत गेले. हे दारात येऊन बघत उभे राहिले. "ही कधी बांधलीस?" म्हणाले. मी म्हटलं, "खीर खाली लागेल, ढवळा तोवर."

दिवाळी झाली आणि मुलगी झाली, त्याच खोलीत. थंडीचे दिवस, खाली फरशी गार, पण भिंती कोरड्या. मोटार पुढं दुसऱ्या कुणी सरदारानं घेतली. आम्ही त्या खोलीत पुष्कळ वर्षं काढली, आणि मुलगी तिथंच चालायला शिकली.